उलट्या बाजूनं वाचलेला खून

आम्ही पुस्तक उलट्या बाजूनं वाचतोय हे कळेपर्यंत त्यातल्या एका निरपराध माणसाला आम्ही मनातल्या मनात फासावर चढवून मोकळे झालो होतो. आम्ही म्हणजे मी आणि काका. काका माझे सख्खे-बिख्खे कुणी नव्हेत. पेणला माझ्या वडिलांचा गणपतींचा कारखाना, आणि मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारा हात काकांचा. मिठागरवाल्यांच्या घरातला हा माणूस माझ्या जन्माआधीपासून आमच्याकडे होता. मी कॉलेजात होते, सुट्टीत कारखान्यात बसून पितांबरं रंगवायचे.

पुस्तक आलं मोहल्ल्यातल्या माझ्या मैत्रिणीकडून. तिचे अब्बा आखातात एका जपानी कंपनीच्या कामावर होते. त्यांनी पाठवलेल्या काचेच्या बशा फुटू नयेत म्हणून खोक्यात जी रद्दी कोंबली होती, तिच्यात हे विटेएवढं जाड, चित्रांचं पुस्तक निघालं. दोन्ही बाजूंची कव्हरं फाटलेली. "तुला चित्रांचा नाद हाय ना, घे," म्हणून तिनं ते माझ्या हातात दिलं. अक्षर एक कळेल तर शपथ!

जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून मी आणि काका त्यात डोकं घालायचो. पहिल्याच पानावर एक चष्मेवाला माणूस, हातात बेड्या. "आधी पकडला," काका म्हणाले, "आता खून कसा केला ते दाखवतील." पुढे खरंच खानावळीची मालकीण मरून पडलेली. मग चष्मेवाल्याचा घाबरलेला चेहरा, धावतोय. मग रिकामी गल्ली. आणि पार शेवटच्या पानावर सगळे एकत्र चहा पितायत, मालकीणबाई हसतायत, आणि बाईंसारखाच तोंडवळा असलेला एक तरुण किटली घेऊन उभा आहे. त्याला आम्ही बाईंचा भाचा ठरवून टाकलं.

"बघ कसा पळतोय," काका चष्मेवाल्यावर बोट ठेवून म्हणायचे. "निर्दोष माणूस असा पळतो व्हय?"

त्या पुस्तकानं मला झपाटलं होतं. असल्या गोष्टींत काही लपवलेलं नसतं, हीच त्यांची गंमत. खुनी, हत्यार, कारण, सगळं चित्रात समोर असतं; आपण कोपऱ्यात बघत नाही एवढंच. फसलो की चीड येते, आणि चीड आली की पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. त्यात मी मुळातच संशयी. भाजीवालीनं वरचं वांगं खाली का सरकवलं, इथपासून माझी चौकशी सुरू. आई म्हणायची, "हिला देवानं डोळे दोनच दिले, पण दोन्ही तिरके."

त्याच उन्हाळ्यात बाबांनी नवा साचा केला. लोडाला टेकून बसलेला बाप्पा आणि लोडाआडून डोकावणारा उंदीर. कितीतरी महिने त्यांनी त्याच्यात घातले होते. साचा आतल्या खोलीत कुलपात. एक किल्ली बाबांच्या कमरेला, दुसरी काकांकडे. मुंबईहून व्यापारी आले की त्यांच्यापुढे एकदम मूर्ती मांडायची, असा बाबांचा बेत होता.

व्यापारी आला. बाबांनी मूर्तीवरचं फडकं काढलं, तर तो म्हणाला, "ही तर मी पाहिली! खाडीपलीकडच्या कारखान्यात ओळीनं मांडून ठेवल्यात. तुम्ही उशीर केलात शेठ."

बाबांनी फडकं पुन्हा मूर्तीवर टाकलं. अजून एक मूर्ती विकलेली नाही, कुणाला दाखवलेली नाही, मग बाहेर गेली कशी? म्हणजे साचाच कुणीतरी रात्रीपुरता बाहेर नेला. आणि साचा नेला म्हणजे किल्ली वापरली.

बाबा काकांना एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. "जरा तुझी किल्ली दे रे, माझी सापडत नाय," म्हणून मागून घेतली आणि परत दिलीच नाही. चहा आला की बाबा आपला कप घेऊन आत जायला लागले. कारागिरांना काय, वारा कुठून वाहतो ते लगेच कळतं. काका आले की बोलणं बंद. आमच्या धंद्यात ज्याच्यावर साचा फोडल्याचा, म्हणजे दुसऱ्याला चोरून दिल्याचा, शिक्का बसतो, त्याला पुन्हा कुठलाच कारखाना दारात उभा करत नाही. आणि काकांना दुसरं काही येतच नव्हतं. डोळे काढायचे, बस्स.

मी तर सगळ्यांवरच संशय घेतला. रंग कालवणाऱ्यावर, टेम्पोवाल्यावर, एकदा तर खुद्द बाबांवर. डोकं भणभणून गेलं होतं. मग एके दिवशी काका आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. बाबा म्हणाले, "बघ, पळाला."

तो शब्द माझ्या कानाला चटका लावून गेला.

त्याच दुपारी मैत्रीण कारखान्यात आली. मी पुस्तक चाळत बसले होते, तर ती खो खो हसायला लागली. "अगो, उलटं काय वाचतेस? हे उजवीकडून वाचायचं. अब्बा म्हणत होते, जपानी लोकपण आमच्या उर्दूसारखेच वाचतात." तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं, सवयीनं दुसऱ्या बाजूनं उघडलं आणि माझ्यापुढे धरलं.

मी पुन्हा वाचलं. आधी सगळे चहा पितायत. भाचा बाहीतून एक पुडी काढून किटलीपाशी नेतोय. आम्हाला वाटलं होतं किटलीपाशी पडलेली पुडी तो उचलून ठेवतोय. मग रिकामी गल्ली, मग धावणारा चष्मेवाला, मग दार, मग मेलेली मालकीण. अरे देवा! तो पळून जात नव्हता, तो धावत आला होता. आणि बेड्या पडल्या त्यालाच. खुनी घरचाच होता, पानापानावर हातात किटली घेऊन उभा होता.

मैत्रीण गेली तरी मी तशीच बसून होते. आम्ही सगळे म्हणत होतो, आधी साचा बाहेर गेला, मग मूर्ती झाली. आणि उलटं असेल तर? आधी मूर्ती बाहेर गेली आणि तिच्यावरून साचा काढला असेल तर? पण मूर्ती तर एकही बाहेर गेली नव्हती. विकलेली एकही नाही.

विकलेली नाही, पण दिलेली? आमच्या घरात नव्या साच्यातली पहिली मूर्ती विकत नाहीत, ती कच्चीच, न रंगवता, लेकीच्या घरी जाते. ताईचं लग्न झाल्यापासून ही पहिली मूर्ती रोह्याला तिच्या सासरी जात होती. देणं ते देणं, त्याचा हिशोब कोण ठेवतो? बाबांच्या लेखी ती बाहेर गेलेलीच नव्हती. आणि ही पहिली मूर्ती साच्यातून काढताना उंदराचा कान मोडला होता. मीच तो प्लास्टर लावून चिकटवला होता, थोडा वाकडा.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक म्हणून मी एस.टी.नं खाडीपलीकडच्या त्या कारखान्यात गेले. फळीवर बाप्पा ओळीनं बसलेले, आणि लोडाआडून डोकावणारा एकूण एक उंदीर वाकड्या कानाचा. माझ्या हातचा कान! मला तिथंच रडायला आलं.

तिथून पेणला परत आले आणि गाडी धरून रोहा गाठलं. ताईच्या फडताळावर मूर्तीची जागा रिकामी होती.

"मूर्ती कुठाय ताई?"

"हे म्हणाले, रंगवून आणतो." ती माझ्याकडे बघेना. स्टोव्हला उगाच पंप मारत राहिली. मग एकदम खालीच बसली. "यांच्या मित्राचा कारखाना आहे गो. तो यांना भागीदार करणार होता. मला आधी माहीत नव्हतं, देवाशपथ. बाबांना सांगू नको. सांगितलंस तर मला माहेर राहील, सासर नाय राहणार."

भावोजी तेव्हा कंपनीत शिफ्टला गेले होते. नशीब त्यांचं. समोर असते तर मी काय बोलले असते, मला नाही माहीत.

गाडीत बसले तेव्हा ताईचं तोंड डोळ्यांपुढून हलेना. पण काकांच्या पोटावर पाय आला होता, आणि तोही आमच्या घराचा. मी बाबांना सगळं सांगितलं. ते बादलीत प्लास्टर कालवत होते. ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला, आणि प्लास्टर बादलीतच घट्ट झालं.

"घरातलं घरात राहू दे," शेवटी म्हणाले.

"आणि काकांचं घर?" मी किंचाळलेच. "ते कुणाचं?"

बाबांनी शर्ट चढवला आणि निघाले. मी मागोमाग. काका ओटीवर नुसते बसले होते. ब्रश धरणारे हात असे रिकामे मी कधी बघितले नव्हते.

"उद्यापासून ये," बाबा म्हणाले. "माझं चुकलं."

"चोर सापडला?"

बाबा नखांतलं वाळलेलं प्लास्टर कोरायला लागले. काकांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाहेरचा असता तर तुम्ही बाजारात ओरडून सांगितला असतात," ते सावकाश म्हणाले. "राहू दे. येतो."

ते आले. बाबांनी किल्ली त्यांच्यापुढे ठेवली, ती त्यांनी घेतली नाही. आतली खोली उघडायची झाली की मला हाक मारायचे, "तूच उघड गो." कारखान्यात बाबांनी कुणाला काही सांगितलं नाही. त्यामुळे ज्याला जे वाटायचं ते वाटतच राहिलं. मला बाबांचा तेव्हा भयंकर राग यायचा, आजही येतो. ताईचा संसार मात्र राहिला. तिची मुलगी आता मोबाइलवर असल्याच जपानी गोष्टी रात्रंदिवस वाचते आणि मला विचारते, "मावशी, तुला खुनी आधीच कसा कळतो?" मी म्हणते, "चहा कोण देतोय ते बघावं."

काका परतले त्या आठवड्यातच एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पुस्तक मागितलं. उजवीकडून वाचायचं असतं, हे मी त्यांना सांगितलं होतं.

"मग त्या चष्मेवाल्याचं शेवटी काय होतं?"

पुस्तक माझ्या मांडीवर होतं. त्याचं खरं शेवटचं पान मला पाठ होतं: चष्मेवाल्याच्या हातात बेड्या. पुढचा भाग त्या खोक्यात आलाच नव्हता. मी पुस्तक फिरवलं, आमच्या बाजूनं शेवटचं पान उघडलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"शेवटी सगळे एकत्र चहा पितात," मी म्हणाले.

बेड्यांचं पान त्यांनीही बघितलेलंच होतं, अगदी पहिल्याच दिवशी. त्यांनी चहाच्या चित्रातल्या चष्मेवाल्यावर बोट ठेवलं.

"म्हणजे आपण वाचत होतो तेच बरं होतं," म्हणाले, आणि ब्रश उचलून पुढच्या मूर्तीचे डोळे काढायला लागले.