थोड्या वेळासाठी आई

बी.ए. होऊन वर्ष उलटलं होतं आणि धुळ्यात, देवपुरातल्या आमच्या दोन खोल्यांत माझा पाय ठरत नव्हता. अमळनेरच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकले होते. आता दिवसभर गहू निवडायचे, दुपारी कूलरसमोर पडायचं आणि कुठलं स्थळ येतंय याची वाट बघायची. नोकरीचे अर्ज मी वडिलांना अर्धवट सांगून टाकत होते.

त्या उन्हाळ्यात शेजारी केरळचं जोडपं राहत होतं. नवरा महामार्गाच्या कामावर इंजिनिअर, बरेच दिवस शिरपूरच्या बाजूला साइटवर. बायको माझ्याहून थोडी मोठी, गरोदर. तिला मराठी येत नव्हतं, हिंदीही जेमतेम. गल्लीत तिच्याशी बोलू शकेल अशी मी एकटी, आणि माझं इंग्रजी सगळं परीक्षेपुरतं. कवितेवर दोन पानं लिहिली असती, पण तिच्याकडे इस्त्री मागायला गेले तेव्हा तोंडातून निघालं, "कॅन यू बॉरो मी युअर आयर्न?"

ती हसली नाही. इस्त्री हातात देत म्हणाली, "यू बॉरो. आय लेंड."

घरी येईपर्यंत मी ते पुटपुटत होते. आपल्याकडे उसनं घेतात आणि उसनंच देतात. तिच्या इंग्रजीत मात्र दाराच्या कुठल्या बाजूला उभे आहोत त्यावर शब्दच बदलत होता. मग मी मुद्दाम काहीबाही मागायला जाऊ लागले. सुई, कात्री, गरज नसलेली किसणी. प्रत्येक वेळी वाक्य घोकून. तीही यायची. एकदा तिने वाटीभर साखर नेली आणि दुसऱ्या दिवशी वाटी तेवढीच भरून आणून दिली. आईला ते लागलं.

"वाटीभर साखर कोनी परत करस का?" ती मला तिच्या अहिराणीत म्हणाली. "तिले सांग, आठे आसं चालस नही."

हे इंग्रजीत कसं सांगायचं ते मला सुचेना. शेवटी मी म्हटलं, "माय मदर सेज, डोन्ट बॉरो. जस्ट टेक." तिने आईकडे बघितलं आणि साखरेची वाटी परत उचलली.

मे महिन्यात जळगावच्या एका इंग्रजी शाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं. वडिलांची अट एकच होती, आई बरोबर जाणार असेल तर जा. सकाळची एसटी ठरली, साडी इस्त्री करून ठेवली. आदल्या दुपारी शेजारीण दारात येऊन उभी राहिली. चौकटीला हात टेकलेला, चेहरा घामाने डबडबलेला. दिवस अजून भरायचे होते आणि नवरा साइटवर होता. इतक्या भीतीतही तिचं वाक्य सरळ आलं.

"कॅन आय बॉरो युअर मदर? फॉर अ लिटल व्हाइल?"

"काय मांगस ती?" आईने आतून विचारलं.

"तुलाच," मी म्हणाले.

आईने हात पुसले आणि चपला घातल्या. रिक्षाने आम्ही तिला प्रसूतिगृहात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळ लागेल, सकाळही होईल. शेजारीण आईचा हात सोडेना. मी खाटेपासून दारापर्यंत येरझारा घालत होते. आई तिथूनच म्हणाली, "तू जाय सकायले. नानाले मी सांगसू."

तिने वडिलांना काय सांगितलं ते मला कधीच कळलं नाही. सकाळी नाना मला स्टँडवर सोडायला आले, गाडी सुटेपर्यंत थांबले. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. खिडकीतून गरम वारा येत होता. घोकलेली उत्तरं मी मनात म्हणायला घ्यायचे आणि मध्येच प्रसूतिगृहात पोचायचे.

मुलाखतीत एका बाईंनी विचारलं, नोकरी का हवी? देशसेवेचं तयार उत्तर कुठे गेलं कुणास ठाऊक. "आय कॅनॉट सिट ॲट होम," मी म्हणाले. नजर पुन्हा पुन्हा घड्याळाकडे जात होती. घाई आहे का, असं त्यांनी विचारल्यावर मी खरं ते सांगून टाकलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, मग कसं चाललंय, हेही त्यांनी विचारलं.

परतल्यावर स्टँडवरून थेट तिकडे गेले. मुलगी झाली होती. आई बाळ मांडीवर घेऊन अहिराणीत बोलत होती, शेजारीण पडल्या पडल्या मल्याळममध्ये उत्तर देत होती, आणि दोघींपैकी कुणीही अडत नव्हतं. मुलाखतीचं आईने विचारलंच नाही. जेवली का, एवढंच विचारलं.

शेजारणीची आई गावाहून येईपर्यंत माझी आई तिच्याकडेच असायची. मी भाकरी थापायचे, पोस्टमनची वाट बघायचे, आणि भिंतीपलीकडून आईचा आवाज आला की उगाच चिडायचे.

जूनमध्ये मला नोकरी लागली. जळगावला खोली घेऊन राहिले. पावसाळा सरता सरता इंजिनिअरचं काम दुसरीकडे हललं आणि शेजारची मंडळी गेली. मी तेव्हा तिथे नव्हते. दिवाळीला घरी आले तेव्हा आईने सांगितलं, निघताना ती इंग्रजीत काहीतरी लांबलचक बोलली. थँक्यू नव्हतं, थँक्यू मला समजतं, असंही आई म्हणाली. मी एकेक वाक्य म्हणून दाखवत गेले, असं म्हणाली का, की असं. आई लक्ष देऊन ऐकायची आणि दर वेळी मान हलवायची, हे नाही, दुसरं काहीतरी.