पाहुण्या गेलेल्या नऊ गाई

माझे वडील सेकाबुगा हे न्याबितारे टेकडीवरचे सगळ्यात लांब नाकाचे गृहस्थ होते. मुलगी म्हणून मी कौतुकानं सांगत नाही. सरकारदरबारी तशी नोंद आहे. पंचवीस वर्षांत ते नाक अकरा वेळा मोजलं गेलं, आणि पहिली खेप सोडली तर दर वेळी मोजून घ्यायला वडील स्वतःच्या पायांनी चालत गितारामा गावच्या कचेरीत गेले होते.

आमच्याकडे हुतू आणि तुत्सी हे शब्द आधीपासून होतेच. सगळं पाप गोऱ्यांच्या माथी मारून मी मोकळी होणार नाही. ज्याच्याकडे गाई आणि सरदाराच्या अंगणात ऊठबस, तो तुत्सी. ज्याच्या हातात कुदळ, तो हुतू. तुत्सींचा तोरा होता आणि हुतूंची पाठ मोडत होती. पण एखाद्या हुतूच्या गोठ्यात गाई वाढत गेल्या, की लोक हळूहळू त्याला तुत्सी म्हणायला लागत. त्याला 'हुतूपण झाडणं' म्हणत. माझ्या आजोबांनी निम्मं झाडलं होतं. वडिलांकडे तेरा गाई झाल्या तेव्हा आता थोडीच धूळ उरली आहे असं त्यांना वाटायचं. ते चारचौघांत रताळं खात नसत, कारण बडे लोक म्हणे दुधावर जगतात. घराच्या मागे केळीत बसून मात्र ते चांगली टोपलीभर रताळी खायचे, आणि आई बाहेर राखणीला उभी असायची.

त्यांचा धाकटा भाऊ बिदेरी, म्हणजे माझे काका, दरीपलीकडच्या टेकडीवर राहायचे. एकाच आईच्या पोटचे दोघे. काका बुटके, नाकानं बसके, आणि त्यांच्याकडे गाई दोन. त्यातली एक वडिलांनीच दिलेली. झाडायला त्यांच्याकडे काही नव्हतं आणि त्याचं त्यांना दुःखही नव्हतं. कुणाच्याही समोर ते रताळं सालासकट खायचे.

मी सात वर्षांची असताना बेल्जियन साहेब माणसं मोजायला निघाला. माणसांबरोबर गाईही मोजणार, अशी बातमी पुढं धावत आली. आता आमच्याकडे गाई मोजायला कुणी आलं, की त्या न्यायलाच आलं असं समजायची रीत होती, आणि ती रीत काही उगीच पडलेली नव्हती. त्यामुळे अख्खी टेकडी लपवालपवीला लागली. एका म्हातारीनं वासराला अंथरुणात घालून त्यावर चटई टाकली आणि सून आजारी आहे म्हणून सांगितलं.

वडील स्वतःला या सगळ्यांपेक्षा हुशार समजत. साहेब आज आमची टेकडी मोजणार, पलीकडची पुढच्या आठवड्यात, हे त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं. त्यांनी पहाटे नऊ गाई दरीतून काकांकडे पाहुण्या पाठवल्या आणि चार ठेवल्या.

"कुणी विचारलंच तर तुझ्या म्हण," ते काकांना म्हणाले.

"दादा, माझ्याकडे अकरा गाई? लोक हसतील."

"हसू दे. संध्याकाळी परत नेतो."

साहेब आला. सोबत कारकून अनास्ताझ, एक घडीचं टेबल आणि नाक मोजायचा लोखंडी चिमटा. वडिलांचं नाक चिमट्यात धरून साहेब खूश झाला. असं सुंदर तुत्सी नाक आपण पुस्तकातच पाहिलं होतं, असं तो अनास्ताझला म्हणाला. मग त्यानं गोठा पाहिला. गाई चार. दहाच्या वर गाई तो तुत्सी, खाली तो हुतू, असं त्यानं आमच्या भागासाठी ठरवून टाकलं होतं, कारण सगळीच नाकं चिमट्याचं ऐकत नव्हती. त्यानं थोडा विचार केला आणि वडिलांच्या नावापुढं 'हुतू' लिहायला सांगितलं. वडील हसत होते. गाई वाचल्या म्हणून.

पुढच्या आठवड्याचं काम साहेबानं त्याच दुपारी उरकायचं ठरवलं. त्याचे पाय दुखत होते आणि परत यायचा त्याला कंटाळा आला होता. काकांच्या अंगणात त्याला अकरा गाई दिसल्या. बसकं नाक पाहून तो जरा अडखळला. गाई कुणाच्या, असं त्यानं अनास्ताझकरवी विचारलं. काकांनी दादाचा शब्द पाळला आणि माझ्या म्हणाले. तुत्सी. नाकाचं माप साहेबानं लिहिताना थोडं सुधारून घेतलं.

संध्याकाळी नऊ गाई परत आल्या. दोन गाईंचा तुत्सी तिकडे आणि तेरा गाईंचा हुतू इकडे, अशी व्यवस्था सरकारी शिक्क्यानिशी झाली. काही दिवसांनी तो शब्द लिहिलेली सरकारी ओळखकार्डं हातात आली आणि कळलं, की यापुढे हे काही झाडून निघणारं नाही. बापाचं तेच मुलाचं.

आधी लोक पोट धरधरून हसले. काका आमच्याकडे केळ्याची दारू प्यायला आले की आई म्हणायची, "या भाऊजी, या. पण मोठ्या लोकांना आमच्या मडक्यातली चालेल का?" काका तिच्या मडक्यात आपली बोरूची नळी घालून निम्मं संपवायचे आणि म्हणायचे, "वहिनी, मोठेपणाचा घसा फार कोरडा पडतो गं."

मग रस्त्याचं काम निघालं. आठवड्यातले दोन दिवस फुकट खणायचं, आणि खणायचं ते फक्त हुतूंनी. मुकादम तुत्सीच हवा, असा वरून हुकूम. आमच्या भागात तुत्सी मोजकेच; त्यात काका. असे माझे काका, ज्यांना स्वतःच्या दोन गाई हाकता येत नव्हत्या, ते चाळीस माणसांवर मुकादम झाले, आणि त्या चाळिसांत माझे वडील होते. वडिलांनी कुदळ हातात धरणं म्हणजे आमच्या घरात सुतक. काका हळूच म्हणायचे, "दादा, नुसती उचलून धर. खणू नकोस. मी दुसरीकडे बघतो."

दादासाठी काका दुसरीकडे बघत. सगळ्यांसाठी कसं बघणार? सरदाराचा माणूस महिन्याला यायचा, काम कमी दिसलं की कामचुकारांची यादी मागायचा, आणि यादी काकांच्या हातात असायची. शेजारच्या टेकडीवरच्या एका कुंभाराला त्या यादीवरून आठ फटके बसले. चाबूक काकांचा नव्हता, पण नाव काकांनी वाचलं होतं. त्या दिवशी काका आमच्याकडे येऊन ओकले. मला त्यांची कीव येते आणि रागही येतो. यादी फेकून दिली असती तर फटके त्यांना बसले असते. तेवढं धैर्य त्यांच्यात नव्हतं. पुढं लोक त्यांना हसेनासे झाले. आमच्या मडक्यात ते नळी घालत तेव्हा इतर लोक आपल्या नळ्या काढून घेत.

आणि वडील? त्यांचा एकच ध्यास होता: तो शब्द बदलून घ्यायचा. उपाय सोपा होता. कचेरीत जाऊन सांगायचं, गाई माझ्या होत्या, मी लपवल्या. कारकून अनास्ताझनं पहिल्याच वर्षी तो सुचवला होता. पण गाई लपवल्याची शिक्षा होती, आणि तेरा गाईंच्या मालकानं अंगणात आडवं पडून फटके खाणं वडिलांना शोभणारं नव्हतं. त्यांना तो शब्द नाकाच्या जोरावर हवा होता. म्हणून दारूचा घडा घेऊन ते दर दोन-तीन वर्षांनी जायचे, बाजूनं तोंड दाखवत उभे राहायचे, अनास्ताझ माप घ्यायचा, घडा ठेवून घ्यायचा आणि पुढच्या वेळी या म्हणायचा. मापं वाढत गेली. अकराव्या मोजणीप्रमाणे ते नाक माझ्या तळहाताएवढं असायला हवं होतं. कार्ड दाखवायची वेळ आली की वडील त्या शब्दावर अंगठा ठेवून दाखवत.

एकदा मी चिडून म्हटलं, "बाबा, खरं सांगून टाका ना. काकांचीही सुटका होईल."

"त्याला काय झालंय?" वडील म्हणाले. "फुकटात तुत्सी झालाय लेकाचा."

पंचवीस वर्षांनी वारं फिरलं. मिशनच्या शाळेतून शिकून आलेले लोक सभा घ्यायला लागले. इतकी वर्षं पाठी कुणाच्या मोडल्या, ते विचारायला लागले. प्रश्न खराच होता. उत्तर मात्र त्यांनी कार्डावर शोधलं, त्याच शब्दात, साहेबानं दुखऱ्या पायांनी लिहून घेतलेल्या. नोव्हेंबरात टेकड्यांवर तुत्सींच्या घरांचा धूर दिसायला लागला.

मी तेव्हा माहेरी आले होते. सकाळी शिट्ट्या ऐकू आल्या आणि माणसं काकांच्या टेकडीकडे चढताना दिसली. वडील धावत दरीत उतरले. मी त्यांच्या मागे. सत्तरीच्या माणसाला असं धावताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्या क्षणी त्यांचा अभिमान वाटला, हेही सांगते.

अंगणात तीसेक माणसं होती. पुढं तेलेस्फोर, त्या कुंभाराचा मुलगा, मिशनच्या शाळेतला मास्तर. सभ्य माणूस. काकांना आणि काकूला त्यानं चटईवर बसवलं होतं. कुणी हात लावला नव्हता. फक्त वाळलेलं गवत घराभोवती नीट रचून झालं होतं.

"सेकाबुगा बाबा, तुम्ही आपले लोक," तेलेस्फोर म्हणाला. "बाजूला उभे राहा."

तेव्हा वडील बोलले. जे कचेरीत पंचवीस वर्षं सांगितलं नाही, ते त्यांनी सगळ्यांसमोर एका दमात सांगितलं. मोजणीच्या दिवशी काय झालं, नऊ गाई कशा आल्या, कशा गेल्या. "याच्याकडे दोनच गाई होत्या. बाकीच्या माझ्या. हा तुत्सी नाहीच."

लोकांत कुजबुज झाली. कुणी हसलंही. तेलेस्फोरनं शांतपणे ऐकून घेतलं. मास्तर होता, हिशेब त्याला पटकन कळला.

"म्हणजे त्या दिवशी तेरा गाई तुमच्या होत्या," तो म्हणाला. "मग तुत्सी तुम्ही. घर पलीकडचं जाळायचं."

दरीपलीकडे आमचं घर स्वच्छ दिसत होतं. आई अंगणात घेवडा निवडत होती. ज्या शब्दासाठी वडिलांनी अकरा वेळा नाक पुढं केलं, तो शब्द आज त्यांना कुणीतरी फुकट देत होतं. ते आईकडे बघत राहिले. मीही तिकडेच बघत राहिले.

"नीट सांगा, बाबा. गाई कुणाच्या?"

वडिलांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग चटईवरून काका उठले. दादाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"माझ्या होत्या," ते तेलेस्फोरला म्हणाले. "अकराच्या अकरा. दादा म्हातारा झालाय, काहीही बोलतो."

तेलेस्फोर वडिलांकडे वळला. "असंच का?"

माझ्या वडिलांनी मान हलवली. हो म्हणून. मग तेलेस्फोरनं काडी पुढं केली, आणि ती त्यांनी गवताला लावली.