आधी नाक पाहू दे

"थांब, आधी नाक पाहू दे," असं म्हणून भाऊ उभ्या विमानासमोर उकिडवे बसत. एक डोळा मिटून पुढच्या चाकावरच्या चकाकत्या दांडीकडे पाहत. दांडी फार बाहेर दिसली की नाक हलकं, म्हणजे शेपटीकडे वजन जास्त. मग गुडघ्यांवर हात टेकून उठत आणि सामान चढवणाऱ्यांना ओरडत, "राजेहो, मागं जड झालं!"

विमानाच्या खिडकीतून असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. अंगात पिवळं जाकीट, हातात कागद. कोणत्या कप्प्यात किती सामान, कुठे किती प्रवासी, याचा मेळ घालून तो तक्ता वैमानिकाच्या हाती देणं हे त्याचं काम. महानगरातल्या गर्दीच्या विमानतळावर भाऊंनी ते वर्षानुवर्षं केलं. ते वलगावचे, मी अकोल्याचा. वऱ्हाडी बोलायला मिळावं म्हणून आम्ही एकच पाळी मागून घ्यायचो. ही नजर आली कुठून, असं विचारलं की म्हणत, "बाप कापसाची गाडी भरे. मागं जास्त झालं का गाडी उलाळ होते, जू बैलाच्या मानेवरून वर उठते. इमान का वेगळं हाये?"

पुढे हे काम विमानापासून उचलून दूरच्या शहरातल्या एका दालनात नेलं. तिथे एक माणूस पडद्यावर एकाच वेळी सहा विमानांचा मेळ घालतो आणि तक्ता थेट वैमानिकाला पाठवतो. मी अर्ज करून तिथे गेलो. पद्धत वाईट होती असं मी म्हणणार नाही. ऊन नाही, पाऊस नाही, आकडेमोडीतल्या चुकाही कमी. विमानाजवळ भाऊंसारखे थोडेच उरले, हातात कागदाऐवजी टॅब घेऊन.

"तू आता देव झाला बाबू," भाऊ फोनवर चिडवत. "न पाहताच सारं दिसते तुले."

एका दुपारी त्यांचा फोन आला. "बाबू, दांडी लय बाहेर हाये. पाह्य बरं एकडाव."

"तक्ता बरोबर हाये, भाऊ. दार लावा."

"नाई लावत. मागचा कप्पा खोलतो. कोनाले सांगाचं थे सांग."

मी वैतागून पडद्याकडे पाहिलं. दोन विमानांचे तक्ते शेजारीशेजारी उघडे होते. भाऊंच्या विमानाच्या मागच्या कप्प्यातल्या खोक्यांचं वजन मी दुसऱ्याच विमानाच्या नावावर टाकलं होतं. ते दुसरं अजून भरायचं होतं. मी दोन्ही तक्ते गुपचूप दुरुस्त केले आणि वैमानिकाला सांगून मागचे काही प्रवासी पुढे बसवले. विमान उशिरा का होईना, सुखरूप गेलं. पण टॅबवर नवा तक्ता आला की जुना पुसला जातो. तोवर भाऊंनी उन्हात उभं राहून खोका न् खोका मोजला होता, आणि सगळं टॅबवरच्या दुरुस्त तक्त्याशी जुळत होतं.

"जुळून तर राहिलं," ते फोनवर म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. "मंग मले कसं काय दिसलं?"

"होते कधी कधी, भाऊ," मी म्हणालो.

उशिराचं कारण मलाच लिहायचं होतं. मी लिहिलं, 'विमानाजवळच्या कर्मचाऱ्याचा चुकीचा अंदाज.' काही महिन्यांनी त्या जागा कमी झाल्या. बाकीच्यांना इतर कामांवर सामावून घेतलं. भाऊंना माझ्या त्या शेऱ्यावर घरी पाठवलं.

दिवाळीच्या सुटीत अमरावतीहून वलगावला गेलो, सांगून टाकायचं असं ठरवूनच. भाऊंच्या घरासमोर शेजाऱ्याची कुटाराने, गुरांच्या सुक्या भुशाने, भरलेली ट्रॉली उभी होती.

"काका, एका बाजूले कलली का पाहा बरं," तो म्हणाला.

भाऊंनी मानसुद्धा वर केली नाही. "दुसऱ्याले इचार."

मग माझ्याकडे वळले. "चष्मा दोनदा बदलला. डाक्टर म्हनते डोये चांगले हायेत. मंग त्या दिवशी काय झालं असंन, बाबू? तूच सांग. तुह्यासमोर तर तक्ता होता."

वाक्य माझ्या जिभेवर होतं. त्याच महिन्यात माझी बढतीची मुलाखत होती. मी म्हणालो, "सोडा ना भाऊ आता."

फाटकापर्यंत ते मला पोचवायला आले. लख्ख उजेड होता, तरी प्रत्येक पायरी आधी काठीने चाचपून मगच पाऊल टाकत होते.

मला बढती मिळाली. पुढच्या वर्षी पुन्हा वलगावला गेलो, तर भाऊ नव्हते. दोन महिन्यांपूर्वी झोपेतच गेले होते. मी वहिनींसमोर बसून सगळं सांगितलं, चुकीच्या तक्त्यापासून शेऱ्यापर्यंत. त्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी एकच विचारलं.

"म्हंजे, त्याईले बरोबर दिसलं होतं?"

"हो वहिनी. अगदी बरोबर."

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "नातीले कडेवर घेत नोते," त्या म्हणाल्या. "माह्या हातून पडन म्हनत. पोरगी हात पसरे, अन् हे तोंड फिरवत."

"मी गेल्या वर्षी हेच सांगायला आलो होतो, वहिनी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मंग?"