कूलरसमोरची खुर्ची

आमच्या ऑफिसात किस्सा घडायला फार काही लागत नाही. कुणी इस्त्रीचा शर्ट घालून आला, तरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याचा किस्सा झालेला असतो. माझ्याकडे तर ढीग साठलाय. बहुतेकांत महेश जिंकतो आणि मी जळतो, एवढं सांभाळून घ्या.

आमचं लातूरचं स्टार्टअप. शेतकऱ्यांना ट्रॅक्टर, पेरणीयंत्र भाड्याने मिळवून देणारं अ‍ॅप. एका मेसच्या वरच्या दोन खोल्यांत चौघांनी सुरू केलं. माणसं वाढली, मजले वाढले, कूलर मात्र एकच राहिला. मग सरांनी नियम काढला: आठवड्यात सगळ्यात जास्त शेतकरी जो जोडेल, तो कूलरसमोर बसेल.

तेव्हापासून महेशला घाम म्हणून आलेला नाही.

नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करताना हा माझ्या वह्या उतरवून पास झाला. त्याला कंपनीत आणलं मीच. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय!

*

कंपनी वाढली तशी सरांनी पदं वाटली. मी जिल्हाप्रमुख झालो. आईने गल्लीत पेढे वाटले. शेजारच्या काकांनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "कोणत्या पक्षाचा?"

त्याच दिवशी महेश विभागप्रमुख झाला. मला उरलेला पेढा गोड लागला नाही.

*

बहिणीच्या साखरपुड्याला सुट्टी मिळाली, पण मीटिंग सुटली नाही. मांडवात कानाला हेडफोन लावून बसलो. मागे भटजी मंत्र म्हणत होते. सर म्हणाले, "दत्ता, बॅकग्राउंड मस्त आहे."

महेश मीटिंगमध्ये नव्हता. नंतर कळलं, तो मांडवात पंगतीला वाढत होता. बहीण अजून त्याचंच कौतुक सांगते.

*

महेशचं गुपित काय, म्हणून एकदा त्याच्या मागोमाग कंधारला गेलो. हा कुणाच्याही ओट्यावर बसतो, चहा घेतो, म्हशीची चौकशी करतो. अ‍ॅपचं नाव काढत नाही. तरी माणसं जोडली जातात.

दुसऱ्या दिवशी मीही तेच केलं. नऊ चहा झाले, शेतकरी एकही जोडला गेला नाही, ॲसिडिटी तेवढी झाली.

*

आणि हा मे महिन्यातला. नांदेडला नवी शाखा निघणार होती. त्या आठवड्यात जो पहिला, तोच तिथला मॅनेजर. मला ते पद हवं होतं, अगदी लहान पोरासारखं हवं होतं. सहा दिवस घरी फक्त आंघोळीला गेलो. गावाकडून आप्पांचे फोन आले, तर "मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवून दिले.

शनिवारी निकाल लागला. महेश एका शेतकऱ्याने पुढे.

माझा जळफळाट झाला. नक्की काहीतरी घोळ असणार, म्हणून त्याची यादी मागवली आणि एकेक नाव तपासलं. शेवटचं नाव चाकूर तालुक्यातलं होतं. माझ्या वडिलांचं.

फोन लावला. "आप्पा, तुम्ही महेशकडून अ‍ॅप घेतलं?"

"हाव. पेरणीयंत्र पाहिजे व्हतं. तुला तीनदा फोन केला, तू मीटिंगमधी. मग त्येला लावला. दुपारच्याला आलं पोरगं, बांधावर बसून भाकर खाऊन गेलं. लई गुणी हाय."

"अहो, पण त्या एका नावाने माझं नांदेड गेलं."

आप्पा म्हणाले, "ते मला काय ठावं न्हाई. म्या त्येला येवढंच सांगितलं, आमच्या दत्ताला ऊन सोसत न्हाई, त्येला जरा त्या कूलरपाशी बसू दे म्हनून."

सोमवारी ऑफिसात गेलो. महेश खिडकीपाशी माझ्या जागेवर, उन्हात बसून कुणाच्या तरी म्हशीची चौकशी करत होता. कूलर चालू होता आणि समोरची खुर्ची रिकामी होती.