होडीतला माणूस आणि काठावरची बाई

सिडनीतल्या अख्ख्या हॅरिस पार्क वस्तीच्या वाटणीचं आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका एकटेच भीत असत. लिफ्टमध्ये आधी एक पाऊल दाबून बघत, मग दुसरं. दुधावरची तारीख तीनदा वाचत. मुलगी म्हणाली, “बाबा, नो वरीज,” की ते म्हणत, “असं म्हणणाऱ्यांचीच मला जास्त काळजी वाटते.” ‘मी पुढे जाऊन बघतो’ हे त्यांचं आयुष्यभराचं पालुपद. लग्नात काकूंचा पाट डुगडुगत नाही ना, हे बघायला ते स्वतःच त्यावर जाऊन बसले होते आणि भटजींनी त्यांना दंडाला धरून उठवलं होतं. सिडनीला मुलीकडे दोघांनी यायचं ठरलं, तेव्हाही इथली हवा, साप आणि कोळी तपासायला काका महिनाभर आधी आले. काकू मागून येणार होत्या. तेवढ्यात कोविड आला, सीमा बंद झाल्या आणि काकू पुण्यात एकट्या राहिल्या.

लॉकडाऊनमध्ये त्यांच्या मुलीने फुटपाथवर कुणीतरी टाकलेलं एक जुनं फ्रेंच चित्र उचलून आणलं. एकोणिसाव्या शतकातलं, छापून वर हाताने रंग भरलेलं. नदी, उंच झाडं, होडीत चढलेला माणूस आणि काठावर टोपली घेऊन थांबलेली बाई. “होडी गळते का बघतोय तो. शहाणा माणूस!” काकांनी लगेच निकाल दिला. दुसऱ्या वर्षी पुण्याच्या बातम्या वाईट येऊ लागल्या, तसे ते दिसेल ते सॅनिटायझरने पुसू लागले. एके दिवशी चित्रही पुसलं. “दीडशे वर्षांत किती जण खोकले असतील यावर!” होडी राहिली, झाडं राहिली, काठावरच्या बाईचा मात्र निळसर डाग झाला.

त्याच आठवड्यात काकूंचा फोन लागेना. काका माझं दार वाजवून दोन मीटर मागे जाऊन उभे राहिले.

“अगं, मी तिला पुसलं.”

“काका, चित्र आहे ते.”

“माहीत आहे गं मला. तरी पण.”

एरवी मी हसले असते. पण माझी आईही ठाण्यात एकटीच होती आणि मलाही भयंकर भीती वाटत होती. संध्याकाळी कळलं, काकूंना ऑक्सिजन लावलाय. काकांना भारतात जायची परवानगी मिळेना. अठरा दिवस काका त्या डागासमोर खुर्ची टाकून बसले. पुढे जाऊन बघण्यासारखं काहीच नव्हतं.

काकू वाचल्या. सीमा उघडल्यावर आल्या, अर्ध्या होऊन, बसक्या आवाजाच्या. चित्रासमोर थांबून त्यांनी विचारलं, “काठावर कोण आहे हो?”

“तू. माझ्याच हातून जरा पुसली गेलीस.”

परवा दोघं स्टेशनकडे जाताना दिसले. काकू पुढे, काका चार पावलं मागे. मी चिडवलं, “काय काका, आज पुढे जाऊन बघायचं नाही?”

“नको गं,” ते म्हणाले, “पुढे गेलं की ती दिसत नाही.”