शेवटच्या रांगेतली टोपी

आमची ही लग्नं लावते. तुमच्या घरी कोण काय करतं असं कुणी विचारलं की मी आधी हिचं काम सांगतो आणि समोरच्याला उत्सुकता उरलीच असेल तर मग माझं. मी जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालोय. त्यात कुणाला रस वाटावा असं काही नाही.

लग्नं लावते म्हणजे जुळवत नाही. हा खुलासा मला आठवड्यातून एकदा तरी करावा लागतो, कारण लोक लगेच भाच्याचा फोटो काढून दाखवायला लागतात. ज्यांचं आधीच ठरलंय त्यांना समोर उभं करून, चार माणसांदेखत, त्यांच्याबद्दल खरं ते बोलून ही त्यांचं लग्न लावते. ती कुठल्या धर्मसंस्थेची नाही आणि कुठल्या कचेरीचीही नाही. एकेकाळी कचेरीची होती. विवाहनोंदणीच्या टेबलावर सव्वीस वर्षं तिने फॉर्म तपासले. खोलीला एकच खिडकी, तीही स्कूटरी लावायच्या जागेवर उघडणारी. जोडपी यायची, सह्या करायची, शिक्का बसला की लगेच "पुढचे या". एकदा हिने साहेबांना विचारलं, शिक्क्याच्या आधी मी दोन वाक्यं बोलले तर चालेल का? साहेब म्हणाले, नियमात बसत नाही. दुसऱ्या वर्षी हिने राजीनामा ठेवला.

"अगं, दोन वाक्यांसाठी नोकरी सोडतेस?" मी म्हणालो.

"दोनच कुठे? सव्वीस वर्षांची साठलीत."

कागदावरच्या सह्या जोडपी अजूनही सकाळी कचेरीतच करतात. संध्याकाळ मात्र हिची. सात वर्षांत हिने दीडशेच्या आसपास लग्नं लावली असतील आणि त्यातल्या बहुतेकांत मी खुर्च्या उचलल्या आहेत.

हिचा आवाज म्हणजे काय सांगू! माइक वगैरे हिला कधी लागलाच नाही. मी मोजून बघितलंय, सवयच आहे: मोकळ्या मैदानात साठ पावलांवर शब्दन् शब्द कळायचा. स्वयंपाकघरातून हाक मारली तर शेजारचे गृहस्थही "आलो" म्हणायचे.

मग गळ्यात गाठ निघाली. गाठ साधी होती, पण ती काढताना आवाजाच्या नसेला धक्का लागला. आठ महिने घरात चिठ्ठ्यांवर कारभार चालला. "गॅस बंद करा." "टॉवेल पलंगावर कोण टाकतं?" चिठ्ठी वाचून माणूस सुधारत नाही. माझ्यावर ओरडणारं कुणी नव्हतं आणि मला ते अजिबात सोसत नव्हतं. हळूहळू आवाज आला, पण निम्माच, खरखरीत. एक दिवस हिने विचारलं, "पूर्वीसारखा वाटतो का हो?" मी म्हणालो, "अगदी पूर्वीसारखा."  ही उठून मैदानावर गेली, शेजारणीला लांब उभं करून पावलं मोजून आली. एकवीस पावलं. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बोलता येत होतं तरीही.

त्यानंतरचं हे पहिलं लग्न. मुलगी लिफ्ट दुरुस्त करणारी, मुलगा कवळ्या बनवणारा. त्यांना समुद्रकिनाऱ्यावरच लग्न हवं होतं आणि लावायला हीच हवी होती. मुलाच्या आईला मात्र ही नको होती. त्या शिवणकाम करतात, बाजारात त्यांचं दुकान आहे आणि गळ्यातली मोजपट्टी काढायला त्या आमच्या घरीही विसरल्या होत्या. बोलणंही कात्रीसारखं.

"तुमचा आवाज गेलाय असं ऐकलं. ऐंशी माणसं येणार. कुणाला काही ऐकूच आलं नाही, तर माझ्या मुलाचं लग्न लागलं कशावरून?"

मुलगा लाजून लाल झाला. माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं, पण हिने मला डोळ्यांनी गप्प केलं. "तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "दुसरं कुणी तयार ठेवा. मला जमलं नाही तर ते उभे राहतील." बाईंनी खरोखरच एक गृहस्थ ठरवले. लग्नं लावणारेच, आवाज कसला, नगारा. मी त्यांना मनातल्या मनात 'बदली' म्हणायला लागलो.

हिची तयारीची पद्धत मला तोंडपाठ आहे. जोडप्याला चार वेळा आमच्या बाहेरच्या खोलीत बसवते, चहा देते आणि नुसतं ऐकते. पाचव्या वेळी दोघांना वेगवेगळं बोलावून एकच प्रश्न विचारते: खरं सांगणं जड जातं, तेव्हा समोरचा काय करतो? मुलगी म्हणाली, "गप्प बसतो आणि भांडी घासायला लागतो. भांडी फार चकचकीत दिसली की मी समजते." मुलगा म्हणाला, "ती आधी चिडते. मग खरं सांगते. मग चिडली म्हणून परत चिडते." ही दोन्ही उत्तरं वहीत लिहून घेते आणि लग्नात सगळ्यांसमोर वाचते. हसू तिथेच फुटतं. रडूही तिथेच.

लग्नाच्या आधी तीन वेळा आम्ही किनाऱ्यावर गेलो, लग्नाच्याच वेळेला. माइक लावून पाहिला, तर त्यात नुसता वारा घोंघावायला लागला, म्हणून तो रद्द. मग वाळूत काठ्या रोवून मी रांगा आखल्या. मुलाच्या आईला मधोमध वाट सोडून सरळ रांगा हव्या होत्या, त्या मोजल्या. शेवटची रांग चौतिसाव्या पावलावर गेली. एकवीसच्या कितीतरी पुढे. पण तिन्ही दिवस वारा समुद्राकडून येत होता. ही पाण्याकडे पाठ करून उभी राहिली, वाऱ्याने शब्द उचलले आणि चौतिसाव्या पावलावर मला सगळं स्वच्छ ऐकू आलं.

"त्या दिवशी तुम्ही शेवटच्या रांगेच्या मागे उभं राहायचं," ती म्हणाली. "ऐकू येत असेल तर टोपी डोक्यावर. नसेल तर काढायची. आणि या वेळी खोटं नको."

लग्नाच्या दिवशी वारा उलटला. ढग आले होते आणि जमिनीकडून वारा थेट हिच्या तोंडावर येत होता. रांगा बदलायला वेळच नव्हता, माणसं बसलेली होती. पहिल्या रांगेत बदली, मांडीवर फाइल, कोटाची बटणं लावलेली.

हिने बोलायला सुरुवात केली. मला ओठ हलताना दिसले. शब्द एकही नाही. माझ्यापुढे मुलाचे मामा बसले होते, ते कानामागे हात धरून शेजाऱ्याला विचारत होते, "सुरू झालं का?"

हात वर जाईना. टोपी काढली की हिला ऐंशी माणसांसमोर थांबावं लागणार, बदली उठणार आणि इतक्या महिन्यांनी उभी राहिलेली माझी बायको पुन्हा खाली बसणार. नाही काढली, तर पुढच्या रांगांपुरतं लग्न नीट लागेल, मागचे समजून घेतील, हिची लाज राहील. कुणाला कळणार होतं? ही मधून मधून वहीतून मान वर करून माझ्याकडे बघत होती. त्या बघण्यात शंका नव्हती, हेच मला सोसेना. मी टोपी काढली. माझं टक्कल त्या ढगाळ उजेडातही चमकलं असणार.

ही वाक्याच्या मध्येच थांबली. दोन पावलं पुढे आली आणि घशाच्या शिरा ताणून ओरडली, तेव्हा कुठे माझ्यापर्यंत पोचलं: "मागे ऐकू येत नाहीये. दोष माझ्या आवाजाचा आहे. खुर्च्या राहू देत तिथेच. माणसांनी जवळ यावं."

कुणी हललं नाही. बदली अर्धवट उठले. तेवढ्यात मुलाची आई उभी राहिली. त्यांनी बदलींच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं, चपला काढून हातात घेतल्या आणि मागे वळून अख्ख्या रांगांना दटावलं, "ऐकू आलं ना? उठा! बाई खरं बोलतायत, आणखी काय पाहिजे?"

मग जी झुंबड उडाली! मामा पळाले, पोरं वाळूत फतकल मारून बसली, जोडप्याभोवती माणसांचं कोंडाळं झालं. बदलीही त्यात होते, फाइल विसरून. मी मात्र होतो तिथेच, टोपी हातात घेऊन. ही सुरू करेना. ती माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही. शेवटी मामा ओरडले, "अहो, टोपी घाला म्हणतायत! आणि तुम्ही आल्याशिवाय लग्न लागणार नाही म्हणतायत!"

मी गेलो. सवयीने पावलं मोजली. सगळ्यात बाहेरचा माणूस अकराव्या पावलावर होता. तिथून पुढे हिने घरात बोलते तेवढ्याच आवाजात लग्न लावलं. चकचकीत भांड्यांचं वाचलं तेव्हा मुलाची आई सगळ्यांत मोठ्याने हसली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आवाज साठ पावलांचा होता तेव्हाही हिचा इतका अभिमान वाटला नव्हता मला.

घरी येताना खुर्च्या टेम्पोत लावून झाल्या, तेव्हा हिने विचारलं, "टोपी काढायला इतका वेळ का लावलात?"

"कुठे लावला? लगेच काढली."

"चार वाक्यं," ती म्हणाली. "मला वारा पहिल्याच वाक्याला कळला होता. तुमची वाट बघत होते."

मी गप्प बसलो. घरी पोचल्यावर भांडी घासायला घेतली.