पायाशी ठेवलेले बूट

भूकंपाला वर्ष उलटले तरी ख्राइस्टचर्चच्या आमच्या घरात माझी पत्नी, पुन्हा जमीन हलली तर पळता यावे म्हणून, पायांत बूट घालूनच अंथरुणावर पडत असे. झोप अशी तिला नव्हतीच. अखेर, काहीशा संकोचाने, मी तिला परंपरागत उपचार करणाऱ्या इथल्या मूळ रहिवासी माओरी समाजातल्या एका वृद्ध बाईंकडे नेले.

दाराशीच पादत्राणे काढण्याची त्यांची रीत आपल्यासारखीच. पत्नी अडखळली. बूट काढून झाल्यावर बाईंनी ते स्वतः उचलले आणि आत तिच्या खुर्चीपाशी ठेवले. "डोळ्यांसमोर राहू देत," त्या म्हणाल्या. मग विचारले, "डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"कालच बंद केल्या," मी अदबीने सांगितले. "तुमच्या उपचारांच्या आड यायला नकोत म्हणून." लहानपणी वैद्याकडे जाताना आमच्या घरी असेच करत.

पुढे केलेले हात त्यांनी मागे घेतले. "मग आज मी काहीच करणार नाही. आधी डॉक्टरांना फोन करा, ते सांगतील तसे वागा आणि मग या. मी कुठे पळून जाते आहे?"

मी ओशाळलो. गाडीत बसल्यावर पत्नी मात्र शांतपणे म्हणाली, "आता यांच्याकडेच यायचं."

त्या नकाराबद्दल मी आजही त्यांचे मनोमन आभार मानतो. त्या दिवशी घरी पोहोचेपर्यंत पत्नीने बुटांचे बंद बांधलेच नव्हते.